डोळ्यांचे दोन ठोके

मागच्या महिन्यात आमच्या कॉलेजातल्या एका सरांच्या घरी वह्या पोचवायला गेलो होतो. सर मनानं मोठे आहेत. आमच्यासारख्या खेड्यातून आलेल्या मुलांना घरात बसवून चहा देतात. चहा झाल्यावर त्यांनी हौसेनं देवघर दाखवलं. देव्हाऱ्यात खंडोबाचा तांब्याचा टाक होता. तळहाताएवढा पत्रा, त्यावर उठवलेला घोडेस्वार देव, मागे म्हाळसा, घोड्याच्या पायाशी कुत्रा. सर म्हणाले, "हे काम बघ. आपल्या नगरच्या वामनराव तांबटांच्या हातचं. असा हात आता राहिला नाही."

मी म्हणालो, "हो सर."

खोलीवर परतेपर्यंत मला माझाच संताप येत होता. त्या कुत्र्याचा डावा कान दुमडलेला होता. तांबट गल्लीत असा कान दुमडलेला कुत्रा एकच माणूस काढत असे, आणि तो माणूस वामनराव नव्हता. हे मला ठाऊक होतं. तरी मी "हो सर" म्हणालो.

मला लिहिण्याचा सराव नाही. पण तोंडानं बोलायला जमत नाही ते कागदावर तरी नीट मांडावं, म्हणून हे लिहितो आहे.

मी पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावातला. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. नगरला आलो तेव्हा वसतिगृहात जागा मिळाली नाही, म्हणून तांबट गल्लीत माडीवरची एक खोली घेतली. खाली मालकांचं दुकान होतं. रस्त्याकडे तोंड करून वामनरावांची गादी. मागे अंगणाला लागून पडवी, आणि पडवीत वामनरावांच्या थोरल्या भावाची विधवा, भागीरथीबाई. गल्ली त्यांना भागाकाकू म्हणे.

सकाळी उजाडलं की खालून ठोके सुरू होत. मोठे नव्हेत, बारीक. टिक टिक टिक. दुपारपर्यंत थांबत नसत. तिसऱ्या दिवशी मी धीर करून खाली उतरलो.

"काकू, जरा हळू ठोकता का? अभ्यास होत नाही."

त्यांनी वर पाहिलं नाही. ओठांत तीन पोलादी कलमं धरलेली होती. आपण टाचण्या धरतो तशी. त्या ठोकण्याच्या कलमांना लेखणीसारखं टोक नसतं, कुणाला बोथट तोंड, कुणाला चपटं, कुणाला गोल. त्या ओठ न उघडताच बोलल्या.

"कसला अब्यास?"

"इतिहासाचा. राजेलोकांचा."

"म्हंजी मेलेल्यांचा. त्ये थांबत्याल. ही राळ थांबत न्हाई, गार पडती. बस हितं, ती शेगडी फुंक."

मी बसलो. त्यानंतर आठ महिने रोज बसलो.

काकूंचा राग गल्लीभर माहीत होता. त्याची एक खूण होती. साध्या रागात त्या कलमं ओठांत ठेवूनच शिव्या देत. मुडद्या, मेल्या, आंधळ्या, हे सगळं दातांतून यायचं. पण खरा राग आला की आधी तोंडातली कलमं एकेक काढत, फडक्यावर ओळीनं ठेवत, मग मान वर करत. समोरचा शहाणा असेल तर तेवढ्या वेळात उठून जाई. दूधवाला जाई. वामनरावांची बायको जाई. एकदा एक गोसावी भिक्षेची झोळी तिथेच टाकून गेलेला मी पाहिला आहे.

दिसायला त्या लहानखुऱ्या. लुगडं वर खोचलेलं, हातांवर राळेच्या चटक्यांचे काळे डाग. उजव्या अंगठ्याचं नख चपटं होऊन रुंद झालं होतं. त्या नखानं त्या पत्र्याची जाडी सांगत. नुसतं नख फिरवायचं आणि म्हणायचं, "हितं पातळ झालंय."

पत्र्यावर उठावाचं काम कसं होतं ते मला त्यांनी शिकवलं. राळ, विटेची पूड आणि थोडं तेल एकत्र वितळवून परातीत ओतायचं. ती निवत आली की पत्रा तिच्यावर पालथा चिकटवायचा. आधी पाठीकडून काम. बोथट कलमानं ठोकत ठोकत पोट, गाल, घोड्याची छाती खाली ढकलायची. मग पत्रा तापवून सोडवायचा, उलटायचा, पुन्हा राळेवर बसवायचा आणि पुढून रेषा आवळायच्या. राळ खालून आधार देते, म्हणून पत्रा हवा तेवढाच दबतो.

पहिले दोन महिने मला फक्त सरळ रेष ठोकायला दिली. मी म्हटलं, "काकू, एखादं पान तरी काढू द्या." त्या म्हणाल्या, "रेषेला नीट चालाया येईना, म्हनं पान."

शेवटी पान दिलं. मी जोरात होतो. पान चांगलं फुगत होतं. मध्येच पत्रा तापवून, लाल करून, पाण्यात बुडवून मऊ करून घ्यायचा असतो. ते मला माहीत होतं, पण उठायचा कंटाळा केला. अजून थोडं, अजून थोडं, आणि पानाच्या मधल्या शिरेवर चर्र करून तडा गेला.

काकूंनी तोंडातली कलमं काढली. एक, दोन, तीन. मी पळालो नाही.

"तांबं दमतं," त्या म्हणाल्या. "मार खाऊन खाऊन ताठ व्हतं. मग त्याला आगीजवळ घ्यायचं, निवांत करायचं, तवा त्ये फुडं चालतं. दमलेल्याला मारलं की त्ये फाटतं. तुजे आईबाप कोयता चालवत्यात ना? तुला ठावं पायजे हुतं."

मला रडू आलं. त्यांनी फाटलेला पत्रा माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाल्या, "रडून झालं की दुसरा काप."

हे काम त्यांना सासऱ्यांनी शिकवलं होतं. सासरे नावाजलेले टाककरी. त्यांची दृष्टी गेली तेव्हा थोरला मुलगा, म्हणजे काकूंचा नवरा, तापानं जाऊन वर्ष झालं होतं, आणि धाकटे वामनराव तंबूतल्या सिनेमाच्या मागे गावोगाव हिंडत होते. म्हातारा सुनेला समोर बसवी, ती ठोके, आणि तो बोटांनी चाचपून चूक सांगे. चूक असली की तो कलम तिच्या बोटांवर मारी. बोटांवरचे ते व्रण काकू अभिमानानं दाखवत. म्हाताऱ्याला त्या देव मानत असत, असं मला वाटे. एकदा तसं बोललो तर म्हणाल्या, "देव कसला? त्यानंच तर ही अडचन करून ठिवली."

अडचण म्हणजे डोळे.

त्या घराची रीत अशी होती की टाकाचे डोळे शेवटी उमटवायचे. बारीक गोल तोंडाचा एक ठसा असतो. उजव्या डोळ्याला एक ठोका, डाव्याला एक. त्या दोन ठोक्यांनी पत्र्याचा देव होतो. ते दोन ठोके घरातल्या पुरुषानं अंघोळ करून मारायचे. बाईनं नाही, आणि विधवेनं तर मुळीच नाही. म्हाताऱ्यानं सगळी विद्या सुनेला दिली आणि तेवढे दोन ठोके मुलासाठी राखून ठेवले.

त्यामुळे व्हायचं असं, की काकू चार दिवस खपून टाक पुरा करत, घोड्याच्या लगामाची वीण, म्हाळसेच्या बांगड्या, कुत्र्याचा कान, सगळं. मग फडक्यात गुंडाळून आतल्या दारात ठेवत. वामनराव ओल्या अंगानं येत, टाक गिऱ्हाइकासमोर उघडत, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत, टक् टक्. गिऱ्हाईक हात जोडी. टाक वामनरावांच्या हातचा.

पडवीतल्या फळीवर डोळ्यांविना टाकांची रांग असे. जोगेश्वरी, भैरोबा, खंडोबा, कुणाचे आजे-पणजे. काकू त्यांना 'माजे आंधळे' म्हणत. सकाळी फडकं मारताना त्यांच्याशी भांडत. "बघू नगा असं. म्हंजी, बघताच येत न्हाई म्हना तुमाला. त्यो मुडदा उठंल दहाला, मग दिसंल."

मी एकदा विचारलं, "काकू, तुम्हीच का मारत नाही ते ठोके? कोण बघतंय?"

"मी बघती की," त्या म्हणाल्या. "चोरून मारायचे तर तीस वर्सांमागंच मारले अस्ते."

त्यांना काय हवं होतं ते मला तेव्हा कळलं. टाक स्वतःच्या हातानं पुरा करायचा होता, आणि तो लोकांसमोर करायचा होता. एवढंच.

माघात लग्नसराई सुरू झाली. घोडेगावकडून गयाबाई नावाची एक म्हातारी आपल्या दत्तू या मुलाला घेऊन आली. दत्तूची पहिली बायको शेवंता दुष्काळी कामावर खडी फोडताना ऊन लागून गेली होती. आता त्याचं दुसरं लग्न ठरलं होतं. अशा वेळी पहिलीचा टाक करून नव्या नवरीच्या गळ्यात घालतात, म्हणजे गेलेली कोपत नाही. चांदी जमण्यासारखी नव्हती, म्हणून तांब्याचा आधीच सांगून ठेवला होता, तो न्यायला ती आली होती. लग्नाला दोन दिवस राहिले होते.

काकूंनी टाक तयार ठेवला होता. पण वामनरावांच्या उजव्या हाताच्या बोटाला नखुरडं झालं होतं. बोट पडवळासारखं सुजलेलं, कलम धरता येईना. त्यांनी मला माडीवरून हाक मारली.

"तू शिकतोयस ना खाली? जा, अंघोळ करून ये. डोळे तू मार."

"मी? काकू आहेत ना."

"वहिनी कशा मारतील?" त्यांनी कपाळावरून बोट फिरवलं.

"पण मी तांबट नाही, वामनराव. मला नीट येतही नाही."

"पुरुष आहेस ना? भागलं."

पडवीतले ठोके थांबले होते. काकू ऐकत होत्या. तीस वर्षं ज्यांनी हजारो चेहरे उठवले त्या आत बसलेल्या, आणि आठ महिन्यांत दोन पत्रे फाडलेला मी पुरुष असल्यामुळे चालणार होतो. त्याच वेळी मी 'नाही' म्हणायला हवं होतं. मी अंघोळीला गेलो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. नगरात आल्यापासून कुणी माझ्यावर काही सोपवलं नव्हतं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसं झालं.

ओल्या पंच्यानं पडवीतून जाताना काकूंनी मागे राळ भरलेला टाक माझ्या हातात दिला. मला वाटलं आता ऐकवतील. त्या एवढंच म्हणाल्या, "ठसा उभा धर."

पुढे गयाबाई, दत्तू आणि वामनराव माझ्याकडे बघत होते. उजवा डोळा बरा बसला. डाव्या डोळ्याला ठसा कलला आणि त्याची कड पत्र्यात घुसली. चंद्रकोरीएवढी चीर पडली. आतून काळी राळ दिसायला लागली.

गयाबाई ओरडली, "आगं बया! माज्या सुनंचा डोळा फुटला!"

वामनरावांनी टाक हातात घेऊन पाहिला. मग सहज म्हणाले, "पत्राच कच्चा राहिला असणार. बायकांचं काम. माझं लक्ष नव्हतं."

मला माहीत होतं की पत्रा कच्चा नव्हता. सकाळी तो लाल करून पाण्यात बुडवताना चिमटा मीच धरला होता. 

आत फडक्यावर कलमं ठेवल्याचा आवाज झाला. आणि भागाकाकू दुकानात आल्या. मी त्या घरात राहायला आल्यापासून त्यांना आतल्या दाराच्या पुढे कधी पाहिलं नव्हतं. वामनराव म्हणाले, "वहिनी, आत व्हा. लोक आहेत."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "बोल. पत्रा कच्चा व्हता?"

मी वामनरावांकडे पाहिलं. खोली त्यांची होती. परीक्षा दोन महिन्यांवर होती.

"बोल की, कालेजवाल्या."

मी मान खाली घालून हातातला ठसा पुसत राहिलो.

"बरं," त्या म्हणाल्या.

त्यांनी आतून राळेची परात आणली, शेगडी आणली, पत्र्याचा तुकडा आणला आणि वामनरावांच्या गादीसमोर रस्त्याच्या तोंडाशी बसल्या. गल्लीतले लोक थांबायला लागले. काकूंनी दत्तूला विचारलं, "कुकू कसं लावायची? आडवं का गोल?"

दत्तू गोंधळला. "गोल."

"नाक?"

"बसकं हुतं जरा. आन हसली की गालाला हितं... हितं खळी."

"पदर?"

"डोईवरून पडायचा सारखा. मी म्हनायचो तिला, खोच गं." एवढं बोलून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

दोन तास लागले. कुणी हललं नाही. वामनराव दोनदा "पुरे झालं" म्हणाले, पण काकूंच्या तोंडात कलमं होती आणि त्यांनी उत्तर दिलं नाही. पत्र्यातून बसकं नाक वर आलं, गालाची खळी आली, घसरता पदर आला. मग त्यांनी तो बारीक ठसा उचलला, माझ्या हातातला नव्हे, दुसरा, कमरेच्या चंचीतून काढलेला. तो त्यांनी स्वतः घडवून इतकी वर्षं जवळ ठेवला असणार. सरळ उभा धरला. टक्. टक्.

टाक धुऊन दत्तूच्या हातावर ठेवला. तो म्हणाला, "आये, ही शेवंताच हाय गं."

गयाबाईनं पुष्कळ वेळ बघितलं. तिचेही डोळे भरले. मग तिची नजर टाकावरून काकूंच्या कपाळाकडे गेली.

"बाई, तुमचं मालक?"

"न्हाईत. तीस वर्सं झाली."

गयाबाईनं दत्तूच्या हातातला टाक दोन बोटांनी उचलला आणि गादीवर ठेवला. "न्हाई बाई. नव्या नवरीच्या गळ्यात घालायचा हाय. असं इपरीत कसं करू?"

तिचं स्वतःचं कपाळही मोकळंच होतं. ते तिथल्या कुणालाही दिसलं नाही. मला दिसलं, आणि माझं तोंड पुन्हा बंदच राहिलं.

वामनरावांनी फुटक्या डोळ्याच्या टाकाला मागून कसाबसा कथलाचा डाख लावून दिला. डोळ्याच्या जागी एक गाठ आली. गयाबाईनं तो कपाळाला लावून पदरात बांधला. जाताना दत्तू एकदा मागे वळला. म्हातारीनं त्याचं मनगट ओढलं.

काकूंनी शेवंताचा तो चेहरा चिमट्यात धरला, शेगडीत लाल केला, पाण्यात बुडवला आणि ऐरणीवर ठेवून हातोडीनं सपाट केला. खळी गेली, नाक गेलं, डोळे गेले. "तांबं हाय," त्या म्हणाल्या. "वाया कशाला घालवायचं?" मग वामनरावांकडे न बघता म्हणाल्या, "भावजी, उद्यापासनं समदंच तुमी करा. डोळ्यांच्या खालचंबी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोके आले नाहीत. मला शांततेनं जाग आली. खाली गेलो तर काकू बोचकं बांधत होत्या. माहेरी, बेलापूरला निघाल्या होत्या. फळीवरचे आंधळे तसेच ठेवले होते.

मी म्हणालो, "काकू, चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"ठसा तिरका धरला."

"त्ये न्हाई," त्या म्हणाल्या, आणि बोचकं डोक्यावर घेऊन चालू लागल्या.

फळीवरचे टाक वामनरावांना वर्षभर पुरले. नखुरडं बरं झालं, दोन ठोके पडत राहिले, नाव वाढत राहिलं. सरांच्या घरचा खंडोबा त्यातलाच असणार. मी परीक्षा होताच ती खोली सोडली.

त्यानंतर काकूंना मी एकदाच पाहिलं. गेल्या हिवाळ्यात एका मित्राबरोबर श्रीरामपूरला गेलो होतो, तिथून मुद्दाम बेलापूरच्या बाजाराच्या दिवशी गेलो. भाजीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला गोणपाटाच्या आडोशाखाली त्या बसल्या होत्या. पुढ्यात राळेची परात होती. आणखी वाळल्या होत्या. समोर कडेवर पोर घेतलेली एक बाई भैरोबाचा टाक सांगत होती.

काकू तिला म्हणाल्या, "आधीच सांगती. मी इधवा हाय, आन डोळे मीच मारती. हितंच, तुज्या म्होरं. चालत नसंल तर आत्ताच ऊठ. मागनं कुरकुर ऐकून घ्यायची न्हाई मी."

बाई विचारात पडली. इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाली, "मला मोटार गाठायचीय मावशी. लवकर करशीला का?"

"बस मग."

ती पोराला मांडीवर घेऊन बसली. मी पुढे सरकलो. दहा महिने मनात जुळवलेलं वाक्य म्हणणार होतो. कच्चा नव्हता पत्रा, मी सांगायला हवं होतं, असं काहीतरी. काकूंनी ठसा पत्र्यावर उभा धरला होता, हातोडी उचलली होती. त्यांनी मला ओळखलं. ओठांतली कलमं हलली नाहीत.

"उजेड अडवू नगं," त्या म्हणाल्या. "बाजूला हो."

मी बाजूला झालो.